सशाची अँटीबॉडी आणि वलांडीवरचे बोंबील

सुक्या बोंबलांचा हंगाम आला की आमच्या गावाला वास येतो, असं पाहुणे म्हणतात. आम्हाला तो येत नाही. काही महिने बाहेर राहून परत आलं की पहिला दिवसभर येतो, दुसऱ्या दिवशी नाक त्याला आपला मानतं आणि मग तो कुठे जातो ते कळत नाही. मी अलिबागला कॉलेजात शिकवते आणि सुट्टी मिळेल तशी घरी जाते, त्यामुळे माझं नाक अर्धवट बाटलेलं आहे. एसटी बोर्ली पंचतनचा बाजार मागे टाकून किनाऱ्याकडे उतरायला लागली की मला वास येतो, आणि आमच्या कोळीवाड्यात घराच्या ओट्यावर पोचेपर्यंत गेलेला असतो.

यंदा मार्चमध्ये घरी जायच्या आधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत अँटीबॉडीची नवी बाटली आली. बाटली आपली म्हणायची. करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी, तिच्या तळाशी पाण्याचे चार थेंब असावेत तसं काहीतरी, आणि ते आणायला बर्फाने भरलेलं भलं मोठं खोकं. शिपाईमामांनी खोकं उघडल्यावर आत हात घालून बराच वेळ चाचपलं आणि म्हणाले, "मॅडम, माल आत टाकायला विसरले वाटतं." कुपीवर लॉटचा, म्हणजे एका खेपेच्या मालाचा, नंबर असतो. तो आधीच्या कुपीवरचा नव्हता. नवा लॉट आणि बोंबलांचा हंगाम असे दोन्ही एकदम आले की मला एक जुना हंगाम आठवल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा मी मुंबईला पीएचडी करत होते. काम किनेजवर होतं. किनेज हे पेशीतलं एक प्रथिन. दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा बारीक तुकडा चिकटवायचा हे त्याचं काम. तो चिकटला की ते प्रथिन कामाला लागतं किंवा कामावरून उठतं. अशी किनेजं शेकड्यांनी आहेत, त्यातलं माझ्या वाट्याला आलेलं एक. पेशींची साखर तोडून त्यांना उपाशी ठेवलं की हे किनेज वाढतं, असं मला दिसलं होतं. तेच माझं सापडलेलं, त्यावरच प्रबंध उभा होता. लोकांना एवढं सांगितलं की ते विचारायचे, "म्हणजे कॅन्सरवर औषध का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा आणि हो म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. मग मी "त्याच्याशी संबंधित" असं म्हणायचे. ह्या देशात बहुतेक संशोधन त्याच्याशी संबंधित असतं.

किनेज डोळ्यांनी दिसत नाही. ते ओळखायला अँटीबॉडी लागते. किनेजचा इवलासा तुकडा तयार करून तो सशाला टोचतात. सशाच्या शरीराला तो परका वाटतो आणि त्याला धरून ठेवणारी अँटीबॉडी त्याच्या रक्तात तयार होते. तीच कुपीत भरून येते. इकडे आपण पेशी फोडायच्या, त्यातली सगळी प्रथिनं जेलमधून, म्हणजे जेलीच्या पातळ वडीतून, पळवायची, म्हणजे लहान पुढे जातात आणि मोठी मागे राहतात. मग ती एका पातळ पांढऱ्या कागदावर उतरवायची आणि त्यावर ही अँटीबॉडी सोडायची. जिथे किनेज असेल तिथे ती बसते. सशाची अँटीबॉडी ओळखणारी दुसरी एक बकरीकडून आणलेली असते, ती पहिलीवर बसते आणि खूण उमटते. शेवटी हातात काय येतं, तर एक काळी रेघ. रेघ जाड झाली, किनेज वाढलं. चार वर्षं मी रेघा बघितल्या.

हे सगळं आईला एकदा समजावून सांगितलं होतं. अँटीबॉडी भलत्या जागी चिकटू नये म्हणून कागद आधी दुधाच्या पावडरीच्या पाण्यात भिजवून ठेवतात, हेही सांगितलं. आईने मासळी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं.

"ससा झाला, बकरी झाली, दूध झालं," ती म्हणाली. "मानूस खंय हाय ह्याच्यात?"

"पेशी माणसाच्या असतात."

"त्या मानसाला ठावं हाय काय?"

आईला सशाचं वाईट वाटलं होतं आणि दुधाचं त्याहून जास्त.

बोंबील सुकवणं हे लांबून सोपं दिसतं. वाळूत बांबू रोवायचे, त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणायच्या. ह्या मांडणीला आमच्याकडे वलांडी म्हणतात. बोंबील अंगाने लिबलिबीत, नुसता दोरीवर टाकला तर घसरून वाळूत पडेल. म्हणून दोन बोंबील घ्यायचे आणि एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा. दात बारीक आणि आत वळलेले असतात, एकदा धरलं की सोडत नाहीत. अशी जोडी दोरीवर टांगायची, एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. आई ही जोडी न बघता लावते. बोलता बोलता लावते, भांडता भांडताही लावते. माझ्या जोड्या सुटतात. इतक्या वर्षांत ते सुधारलेलं नाही, आणि आता आई मला दोरीजवळ उभी करत नाही, पाट्या उचलायला ठेवते.

वाळू सगळ्या गावाची आणि वलांड्या एकीला एक लागून. कुठली कोणाची हे कळावं म्हणून प्रत्येक घर आपल्या बांबूला आपल्या घरची चिंधी बांधतं. कुणाची चादरीची, कुणाची जुन्या लुगड्याची. लहानपणी आम्ही पोरं चिंध्या बघूनच सांगायचो, ही अमक्याची, ती तमक्याची. मासे तर सगळे सारखेच, त्यांच्यावर कुठे नाव असतं.

त्या वर्षी आमच्या आत्याच्या मुलाचं लग्न झालं होतं, पौषाच्या आधी. आमच्यात हळदीला घरच्या सगळ्या बायका एकसारखी साडी नेसतात. दुकानात जाऊन एकाच रंगाचा गठ्ठा उचलायचा आणि आत्या, मावश्या, जावा, सुना सगळ्यांना वाटायचा. त्या खेपेला पोपटी साडी, तिला जांभळा काठ. फोटोत आम्ही सगळ्या एका वाफ्यातल्या मेथीसारख्या दिसतो. नेसून मिरवून झाल्यावर तीच साडी पहिल्या धुण्यात अशी उतरली की तिचा कशाला उपयोग राहिला नाही. दुकानदाराला सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या आणि घरोघर तिच्या चिंध्या झाल्या.

ह्याच हळदीत माझी आई आणि नर्मदाकाकी ह्यांचं बोलणं बंद झालं. नर्मदाकाकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, आईची जाऊ. घर आमच्या घराला लागूनच. बाई कष्टाळू आणि तोंडाची फटकळ. भर मांडवात, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गायची थांबलेली असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती म्हणाली, "पोरीचं वय चाललंय. चार वरसं तिकडं सशांना सुया टोचतंय. गावलं काय तिला?"

मी ससा हातातही धरलेला नव्हता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. आई उठून उभी राहिली. तिच्या गालाला हळद लागलेली होती.

"गावलंय," ती म्हणाली. "मोठं गावलंय. तुला कलायचं न्हाय."

त्या दिवसापासून दोघी एका नळावर पाणी भरत होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या.

माझं जे मोठं गावलेलं होतं, ते लग्नानंतरच्या फेब्रुवारीत हललं. जुनी कुपी संपत आली म्हणून नवी मागवली होती. कंपनी तीच, नाव तेच, फक्त लॉट नवा. एका सशाचं रक्त किती दिवस पुरणार. तो संपला की दुसऱ्या सशाला टोचतात, आणि दुसरा ससा पहिल्यासारखाच वागेल असं काही त्याच्याकडून लिहून घेतलेलं नसतं. नव्या कुपीने मी नेहमीचा प्रयोग केला. रेघ आली, पण नेहमीच्या जागी नाही, थोडी वर. आणि पेशी उपाशी ठेवा किंवा भरवा, तिला काही फरक नाही. जाडही झाली नाही, बारीकही झाली नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. म्हणजे दोन सशांपैकी एक खोटं सांगत होता, आणि चार वर्षं मी ज्याच्या शब्दावर चालले होते तो पहिला होता.

आमचे सर चांगले होते. विद्यार्थ्यांना छळणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी कागद उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "नवा लॉट खराब असेल. असं होतं. परत पाठवून दे आणि लिहायला बस." तसं खरंच होतं. बऱ्याचदा होतं. मी मान हलवली, लिहायला बसते म्हणाले आणि घरी निघून आले. खरं म्हणजे विचार करायचा नव्हता म्हणून आले. घरी सुकवणीचा हंगाम जोरात होता आणि जिथे हाताला काम असतं तिथे डोक्याला सुट्टी मिळते, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. पाट्या उचलतानाही ती थोडी वर आलेली रेघ दिसत राहिली.

त्या दिवशी बाबा पहाटे होडीवर जाण्याआधी एक काम करून गेले होते. पुढच्या रांगेतले आमचे बांबू भरतीच्या पाण्याने हलायला लागले होते, म्हणून त्यांनी आमची वलांडी मागच्या रांगेत हलवली, चिंधीसकट. ते कुणाला सांगितलं नाही. बाबा मुळात बोलतात कमी, आणि समुद्रावर जाण्याआधी त्याहून कमी. आई आणि मी बाजाराचा दिवस म्हणून बोर्लीला गेलो होतो. दुपार कलताना परत निघालो तेव्हा उत्तरेकडून आभाळ काळं पडत आलं. मार्चचा महिना, पाऊस कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. टेम्पोत आई पुढे वाकून बसली होती, जशी काही ती वाकल्याने टेम्पो लवकर पोचणार होता.

अर्धवट सुकलेल्या बोंबलावर पाणी पडलं की तो गेला. दुसऱ्या दिवशी लाल पडतो, मग त्यात अळ्या होतात, आणि मग तो खताला द्यायचा. टेम्पोतून उतरलो तोवर वारा सुटला होता आणि वाळू तोंडावर येत होती. सगळं गाव किनाऱ्यावर पळत होतं, जो तो आपल्या दोऱ्या उतरवत होता. आई नेहमीच्या रांगेकडे धावली. तिथे पोपटी चिंधी फडफडत होती, जांभळ्या काठाची. आम्ही दोघींनी हाताला येतील तशा जोड्या ओरबाडल्या, पाट्यांत कोंबल्या, वर ताडपत्री टाकली आणि ओढत घरात आणल्या. शेवटची पाटी आत आली आणि पाऊस आला. आईने भिंतीला पाठ टेकली, पदराने तोंड पुसलं आणि हसली. "वाचला," ती म्हणाली. हळदीनंतर तिला मी पहिल्यांदाच असं हसताना बघितलं.

सकाळी ऊन पडलं. बोंबील परत टांगायला काढले. मी पाटी ओतली आणि आई जोड्या मोकळ्या करायला बसली. चार-सहा जोड्या झाल्या असतील, ती थांबली. एक जोडी हातात धरून तिने उलटसुलट केली. त्या जोडीत तिसरा मासा होता. एवढासा, बोटभर, दोघांच्या जबड्यात मध्येच अडकवलेला.

हे नर्मदाकाकीचं. गावात दुसरं कोणी असं करत नाही. बारकी पिल्लं बाकीच्या बायका बाजूला काढतात किंवा कोंबड्यांना टाकतात. काकी प्रत्येक जोडीत एक पिल्लू घुसवते, वाया कशाला घालवायचं म्हणून. त्यावरून आई तिला वर्षानुवर्षं हसत आली होती. "पोटुशी जोडी" असं तिने त्याला नाव ठेवलं होतं.

आईने दुसरी जोडी उचलली. तिच्यातही पिल्लू. तिसरीतही. ती उठली आणि चपला न घालता किनाऱ्यावर गेली. मागच्या रांगेत आमची वलांडी होती, तिलाही पोपटी चिंधी, जांभळा काठ, आणि तिच्यावर आमचे बोंबील रात्रभर भिजून लोंबत होते. एकाच साडीच्या दोन चिंध्या. पुढच्या रांगेत आमच्या शेजारची वलांडी काकीचीच, पण हळदीपासून आईने तिकडे मान वळवलेली नव्हती. दोघी जावांचं बोलणं असतं तर एकीने दुसरीला विचारलं असतं, मी ही बांधते, तू कुठली बांधतेस? बोलणंच नव्हतं. काकी तर त्या दिवशी गावातही नव्हती, हरिहरेश्वराकडे लेकीकडे गेली होती. तिच्या माशांना धावायला कोणी नव्हतं. आमच्याकडे धावायला दोघी होत्या, आणि त्या दोघी तिच्यासाठी धावल्या.

बाबा होडीवरून आले तेव्हा आई पाट्यांसमोर बसलेली होती. त्यांनी सगळं ऐकलं. आपण न सांगता वलांडी हलवली हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते नेहमीपेक्षा जास्त बोलले.

"ती लेकीकडं हाय," ते म्हणाले. "येईल तवा समजंल पावसानं नेलं. सगल्यांचंच गेलंय. आपलं पन गेलंय. कोन बगतंय?"

"मी बगलंय ना," आई म्हणाली.

आवाज चढवला नाही, दुखावल्यासारखाही नव्हता. बाजारात गिऱ्हाइकाला पापलेटचा भाव सांगते तशा आवाजात. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली आणि विषय संपला. मी तिथेच उंबऱ्यावर बसले होते. मला त्या क्षणी काही फार मोठं उमगलं वगैरे नाही. मला फक्त माझी रेघ आठवली. माझी अँटीबॉडीही आख्खं किनेज कुठे ओळखत होती. इवलासा तुकडा ओळखत होती. तसाच तुकडा दुसऱ्या कुठल्या प्रथिनाच्या अंगावर असला तर ती त्याच्यावरही तेवढ्याच खुशीने बसणार, आणि मी त्यालाच किनेज म्हणत राहणार.

संध्याकाळी काकी आली. तिची पिशवी खाली ठेवायच्या आत आई पहिली पाटी घेऊन तिच्या दारात उभी राहिली. मी दुसरी घेऊन मागे.

"तुजे हायत," आई म्हणाली. "चुकून आमी उतरवले. मोजून घे, काय सुटले असतील तं सांग."

काकीने पाटीत हात घातला, एक जोडी वर काढली, पिल्लू बघितलं. मग तिने आमच्या अंगणाकडे बघितलं. तिथे लाल पडत चाललेल्या बोंबलांचा ढीग पडला होता. तिला समजायला काही सांगावं लागलं नाही.

"बस," ती म्हणाली. "च्या टाकतंय."

आई बसली. चहा झाल्यावर दोघी दुकानदाराला शिव्या घालायला लागल्या, असल्या रंगाची साडी दिली म्हणून. मी दोघींच्या मधे बसून चहा प्यायले. माझ्या सशांचा विषय काकीने काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं, कारण आता तो मलाच काढावा लागणार होता.

अशा शंकेसाठी एक कसोटी असते. पेशीतून त्या किनेजचं जनुकच कापून काढायचं. अशा पेशीत ते प्रथिन बनूच शकत नाही. त्यांना इंग्रजीत भारदस्त नाव आहे, मी माझ्या विद्यार्थ्यांशी बोलताना कोऱ्या पेशी म्हणते. कोऱ्या पेशींवर अँटीबॉडी सोडली की तिथे काहीही दिसता कामा नये. दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडे त्या होत्या. मी मुंबईला परतले आणि सरांना म्हणाले, त्या मागवू या.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रबंध जवळजवळ लिहून झालाय," ते म्हणाले. "तुला हे कोणी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. कशाला?"

आईचं 'मी बगलंय ना' तोंडाशी आलं होतं, पण सरांना ते कुठून कळणार. मी म्हणाले, मला झोप येत नाही. ते खरंही होतं. सर चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मागव." त्यांना मी त्या एका शब्दासाठी आजही मानते. त्यांचंही त्यात बरंच पणाला लागलं होतं.

पेशी आल्या. फ्रीझरच्या तळाशी जुन्या लॉटचा एक शेवटचा थेंब शिल्लक होता, तोच वापरला. एका रांगेत साध्या पेशी, शेजारच्या रांगेत कोऱ्या. कागद दुधात डुलत होता तेव्हा मी समोर स्टुलावर बसून होते. चार वर्षं मी रेघ यावी म्हणून बसले होते. रेघ येऊ नये म्हणून बसायची ही पहिलीच वेळ. शेजारच्या टेबलावरचा मुलगा डबा खात होता, त्याच्या डब्यात मेथी होती, हे मला आजही आठवतं. मग यंत्राच्या पडद्यावर चित्र उमटायला लागलं. साध्या पेशींत काळी रेघ, ओळखीची, जाड. आणि कोऱ्या पेशींत तशीच काळी रेघ. त्याच जागी, तेवढीच जाड. जिथे किनेज नव्हतंच तिथे माझं किनेज मजेत बसलेलं होतं.

मी रडले. प्रसाधनगृहात जाऊन रडले, तोंड धुतलं, चित्र सरांना दाखवलं. ते "हं" म्हणाले आणि मला घरी जायला सांगितलं.

वसतिगृहातून आईला फोन लावला. मागे जोड्या लावणाऱ्या बायकांचे आवाज येत होते.

"आये, ते सापडलेलं होतं ना, ते खोटं निघालं. ते किनेज नव्हतंच. दुसरंच काहीतरी होतं."

आईने बायकांना हळू बोलायला सांगितलं.

"म्हंजे गावलं न्हाय."

"न्हाय."

"तुला कोनी सांगितलं खोटं हाय म्हनून?"

"कोणी नाही. मीच बघितलं."

आई म्हणाली, "बरं केलंस." आणि जरा थांबून, "नर्मदेला मीच सांगन. तू नको सांगूस."

फोन ठेवल्यावर मला जास्त वाईट वाटलं ते ह्याचं. मांडवात सगळ्यांसमोर उभी राहून ती बोलली होती, आता तो शब्द तिलाच मागे घ्यायचा होता. तिने ते कसं सांगितलं, काकी काय म्हणाली, हे मला दोघींपैकी कोणीही आजवर सांगितलेलं नाही. पुढच्या खेपेला मात्र मुंबईला निघताना काकीने माझ्यासाठी सुक्या बोंबलांची पिशवी दिली. वसतिगृहात उघडली तर सगळ्या जोड्यांत पिल्लं.

पुढची गोष्ट चारचौघांसारखी आहे. दुसऱ्या कंपनीची, किनेजचा वेगळाच तुकडा ओळखणारी अँटीबॉडी मिळाली. तिने कोऱ्या पेशी कोऱ्या दाखवल्या. तिच्यावर सगळं पहिल्यापासून केलं. पदवी मिळाली, उशिरा मिळाली, आणि प्रबंध आधीच्यापेक्षा बारीक झाला. पेशी उपाशी ठेवल्या तर माझ्या किनेजला विशेष काही होत नाही, हे त्यातलं मुख्य वाक्य. असल्या वाक्याला कोणी हार घालत नाही. जुनी रेघ ज्या प्रथिनाची होती त्याच्यावर पुढे दुसऱ्याच कुणीतरी काम केलं, मला त्यात रस उरला नव्हता.

आता माझ्या हाताखाली मुलं आहेत. कॉलेजात ते महागडं यंत्र नाही. आम्ही रंगाची जुनी पद्धत वापरतो, रेघ तपकिरी येते आणि फोटो मोबाइलवर काढतो. कोऱ्या पेशी पाळणं आम्हाला परवडत नाही, मुंबईची एक मैत्रीण त्या फोडून, गोठवून, रो-रो बोटीने पाठवते. नवा लॉट आला की मुलांना घाई होते. मी म्हणते, आधी कोऱ्यांवर सोडा. ती कंटाळतात, एक मुलगी तर तोंडावर म्हणाली, "मॅडम, जिथे काही नाही तेच आधी काय बघायचं?" मी तिला रागावले नाही. तिच्या वयात मलाही रेघाच आवडायच्या.

यंदाचा नवा लॉट चांगला निघाला. घरी गेले तेव्हा कोऱ्या पेशींवरच्या चाचणीचा फोटो मोबाइलमध्येच होता. दुपारी आई आणि काकी ओट्यावर जोड्या लावत बसल्या होत्या, मधे एकच पाटी. हल्ली दोघींची वलांडीही एकच असते, गुडघे दोघींचे गेल्यामुळे. चिंधी कुठलीही बांधतात. जोडीत पिल्लू असतं आणि आई त्याला हसत नाही. मी काकीला फोन दाखवला. का दाखवला ते सांगता येत नाही. इतक्या वर्षांत तिने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

काकीने फोन डोळ्यांपासून लांब धरला. "ही रेघ दिसतंय. आनि ह्या बाजूला?"

"त्या बाजूला काही नाही."

"व्हय, काय न्हाय. मग फोटू कशाचा काढलास?"

मी काही बोलायच्या आत आई बोलली. मान वर केली नाही, हातातली जोडी पाटीत टाकता टाकता बोलली.

"तिची चार वरसं गेली गो, ती जागा मोकली बगाया."

काकीने फोन माझ्या हातात परत दिला होता. आता तिने दोन्ही हात पदराला चांगले पुसले, फोन पुन्हा मागून घेतला आणि त्या मोकळ्या जागेकडे परत एकदा नीट बघितलं.